‘घरीं नाहींत म्हणून सांग’



नीतिशास्त्र हा शब्द उच्चारला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें जाडजूड ग्रंथ आणि परीक्षेचे प्रश्न उभे राहतात. मला आज ज्या नीतिशास्त्राविषयीं बोलावयाचें आहे, तें मात्र आपल्या दाराच्या कडीपाशीं राहतें. दारावर कोणी तरी टकटक करतें. तो वर्गणी मागणारा असतो, उधारी मागणारा असतो, किंवा एकदां बसला म्हणजे उठण्याचें नांव न घेणारा स्नेही असतो. घरधनी आंतल्या खोलींतून मुलाला हळूच म्हणतो, “बाबा घरीं नाहींत म्हणून सांग.” मूल तसें सांगतें. क्वचित् एखादें सरळ मनाचें मूल “बाबा म्हणाले, ते घरीं नाहींत,” असेंही सांगून मोकळें होतें, आणि तो विनोद पुढें वर्षानुवर्षें त्या घरांत चालतो. हल्लीं दाराची जागा बऱ्याच अंशीं खिशांतल्या मोबाईलनें घेतली आहे. पलंगावर पडल्यापडल्या “मी गाडींत आहें, नीट ऐकूं येत नाहीं,” असें आपण सांगतों. खोटें तेंच, मुलाला मध्यें घालावें लागत नाहीं, एवढीच काय ती सुधारणा.

ह्या एवढ्याशा खोट्यानें कोणाचें काय बिघडलें, असें आपण विचारतों. नवल असें कीं, नेमकें हेंच उदाहरण कर्तव्यनीतीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट ह्यानें १७९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत घेतलें आहे. मालक नोकराला बजावून ठेवतो कीं, अमका मनुष्य आला तर मी घरीं नाहीं म्हणून सांग. नोकर तसें सांगतो. तेवढ्या अवधींत मालक निसटतो आणि एक मोठा अपराध करतो. नोकर खरें बोलता, तर मालकाला धरावयास आलेल्या पहारेकऱ्याच्या हातून तो अपराध टळला असता. आतां दोष कोणाचा? कांटचें उत्तर असें कीं, नोकरही दोषी आहे. कारण खोटें बोलून त्यानें स्वतःविषयींचें एक कर्तव्य मोडलें आहे.

‘स्वतःविषयींचें कर्तव्य’ हे शब्द जरा थांबून ऐकण्यासारखे आहेत. खोटें बोलणें म्हणजे दुसऱ्यावर अन्याय, इतकेंच आपण धरून चालतों. आणि दुसऱ्याचें नुकसान झालें नाहीं असें दिसलें, कीं आपलें मन निर्धास्त होतें. कांट हिशेबाचें पानच उलटतो. बोलणें हें माणसाला मनांतलें बाहेर आणण्यासाठीं मिळालेलें साधन आहे. तें मनांतलें लपविण्याकडे लावणारा मनुष्य प्रथम स्वतःलाच बोलक्या बाहुलीच्या पंक्तीला नेऊन बसवितो, असें त्याचें म्हणणें. आपल्या वतीनें मुलाला खोटें बोलावयास लावणारा बाप दोन माणसांना त्या पंक्तीला बसवितो, ही भर माझी.

हा कांट कोण होता? पूर्व प्रशियांतील कोनिग्सबर्ग ह्या बंदराच्या शहरीं १७२४ सालच्या २२ एप्रिल रोजीं तो जन्मला. बाप घोड्यांचा चामडी साज करणारा कारागीर. आई कडक परंतु प्रेमळ धर्मनिष्ठेची. घरीं पैसा बेताचा. शिक्षणानंतर कित्येक वर्षें त्यानें श्रीमंतांच्या घरीं मुलें शिकविलीं आणि विद्यापीठांत तुटपुंज्या प्राप्तीवर व्याख्यानें दिलीं. प्राध्यापकाची जागा मिळावयास वयाचें ४६ वें वर्ष, म्हणजे १७७० साल, उजाडावें लागलें. तो अविवाहित राहिला, आपला प्रांत सोडून कधीं बाहेर गेला नाहीं, आणि १८०४ सालच्या १२ फेब्रुवारीस त्याच शहरांत वारला. तें शहर आज रशियांत आहे आणि १९४६ पासून कालिनिनग्राड ह्या नांवानें ओळखलें जातें. त्याच्या फिरावयास जाण्याच्या वेळेवर शेजारीपाजारी घड्याळें लावीत, ही आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकलीच आहे. तीमुळें तो यंत्रासारखा शुष्क मनुष्य होता असा समज पसरला आहे. खरें पाहतां त्याला एकट्यानें जेवणें आवडत नसे. दुपारच्या जेवणास तो मित्रांना बोलावी, आणि पंगत गप्पांत तासन्‌तास रंगे.

त्याच्या विचाराचें मूळ १७८५ सालच्या एका लहानशा पुस्तकांत आहे. तेथें त्यानें घेतलेलें उदाहरण कोणाही गृहस्थाला समजेल असें आहे. एका माणसाला पैशाची निकड आहे. परतफेड करणें आपल्याला साधणार नाहीं हें त्याला पक्कें ठाऊक आहे. पण फेडीचें वचन दिल्यावांचून कोणी दमडी देणार नाहीं, हेंही ठाऊक आहे. तेव्हां त्यानें वचन द्यावें काय? कांट म्हणतो, तुझें हें धोरण सर्वांचा नियम व्हावें, असें तुला इच्छितां येईल का, तें पाहा. ह्या प्रश्नाचा अर्थ पुष्कळ लोक असा करतात कीं, ‘सगळेच खोटें बोलूं लागले तर जगाचें वाटोळें होईल, म्हणून तूं बोलूं नको.’ तसें असतें तर उत्तर सोपें होतें: सगळे कांहीं बोलत नाहींत, मी एकटाच बोलतों आहें, जग सुखरूप आहे! कांटचा रोख निराळा आहे. खोट्या वचनाचा उपयोग होतो तोच मुळीं लोकांचा वचनावर विश्वास आहे म्हणून. खोटें नाणें खऱ्या नाण्यांच्या बाजारांतच चालतें. म्हणजे फसविणाऱ्याला नियम नको असतो असें नव्हे. त्याला नियम हवाच असतो, पण इतरांसाठीं. तिकिटाच्या रांगेंत मध्येंच शिरणारा गृहस्थ पाहा. रांग मोडावी अशी त्याची यत्किंचितही इच्छा नसते. बाकीच्या सर्वांनीं शिस्तीनें उभें राहावें, हीच त्याच्या लबाडीची अट असते. आपल्यापुरता अपवाद करणें, हें कांटच्या मतें अनीतीचें सामान्य रूप आहे. मला ह्या एका वाक्यांत त्याचें अर्धें शास्त्र सांठवलेलें वाटतें.

उरलेलें अर्धें माणसाच्या किंमतीविषयीं आहे. वस्तूला मोल असतें, म्हणजे तिच्या जागीं तितक्याच मोलाची दुसरी ठेवतां येते. माणसाच्या जागीं दुसरें कांहीं ठेवतां येत नाहीं. त्याला मोल नसून प्रतिष्ठा असते. म्हणून कोणाही माणसाला, स्वतःलासुद्धां, केवळ साधन म्हणून वागवूं नये. ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टपालवाला, शिंपी, डॉक्टर ह्यांचा आपण साधन म्हणून उपयोग करतोंच, आणि तेही आपला करतात; परंतु त्यांची त्याला संमति असते. खोट्या वचनावर ज्याच्याकडून पैसे काढले, त्याला संमति देण्याची संधीच मिळालेली नसते. ज्या गोष्टीला त्यानें होकार दिला, ती मुळीं घडतच नसते.

कांटवर एक जुना आक्षेप असा कीं, त्यानें प्रेम, दया ह्यांना कर्तव्याच्या दाराबाहेर उभें केलें. कवि शिलर ह्यानें तर थट्टाच केली कीं, मित्रांना मी आनंदानें मदत करतों, तेव्हां माझ्या हातून पुण्य घडत नसावें! थट्टा चांगली आहे, पण ती नेमकी जागीं बसत नाहीं. ज्या सासूनें जन्मभर एक गोड शब्द बोलून दाखविला नाहीं, तिच्या अंथरुणापाशीं रात्र रात्र जागणारी सून आपण पाहिलेली असते. लेक जागते तेव्हां प्रेम आणि कर्तव्य इतके एकजीव झालेले असतात कीं, कोण काय करवितें हें सांगतां येत नाहीं. सुनेच्या बाबतींत तें उघड दिसतें, इतकेंच कांटचें म्हणणें आहे. लेकीच्या प्रेमाला तो उणें म्हणत नाहीं.

आतां अवघड जागीं येऊं. १७९७ सालीं फ्रान्समधील लेखक बेंजामिन कॉन्स्टन्ट ह्यानें एका पुस्तिकेंत असा सवाल केला: माझा मित्र खुन्याच्या भयानें माझ्या घरांत लपला आहे, खुनी दाराशीं येऊन विचारतो, “तो आंत आहे काय?” अशा वेळीं खरें सांगणें हें कर्तव्य मानलें तर समाज चालेल कसा? ज्याला सत्याचा हक्क आहे त्यालाच सत्य सांगण्याचें आपल्यावर बंधन आहे, आणि दुसऱ्याचा घात करणाऱ्याला असा हक्क नाहीं, असा त्याचा युक्तिवाद. त्या वेळीं कांट ७३ वर्षांचा होता. त्यानें त्याच वर्षीं एक छोटा निबंध लिहून उत्तर दिलें, आणि तें उत्तर आजतागायत त्याच्या अनुयायांना अडचणींत टाकीत आलें आहे. हो किंवा नाहीं म्हणणें टळतच नसेल, तर खुन्यालाही खोटें सांगूं नये, असें तो म्हणतो. खोट्यानें एका माणसाचें नव्हे, तर सर्व करारांना आधारभूत असलेल्या विश्वासाचेंच नुकसान होतें. शिवाय, तूं ‘नाहीं’ म्हणालास आणि तुझ्या नकळत मित्र खिडकींतून बाहेर पडलेला असला, तर परत फिरलेल्या खुन्याला तो रस्त्यांत सांपडेल. मग त्याच्या मरणाला तूंही जबाबदार!

हा दुसरा मुद्दा मला अगदीं दुबळा वाटतो. खुनी परत फिरून मित्राला गांठील, ही शक्यता जितकी आहे, त्याहून खरें सांगितल्यावर तो आंत शिरून मित्राला मारील ही किती तरी अधिक आहे. आणि परिणामांकडे पाहूं नको असें शिकविणाऱ्यानें सोयीपुरते परिणाम दाखवावे, हेंही बरें दिसत नाहीं.

ह्याच प्रश्नाचें दुसरें उत्तर आपल्याकडे महाभारतांत आहे. कर्णपर्वांत, युद्धाच्या सतराव्या दिवशीं, कर्णाच्या बाणांनीं घायाळ झालेला युधिष्ठिर रागाच्या भरांत अर्जुनाला ‘तुझें गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असें बोलतो. असें म्हणणाऱ्याचा शिरच्छेद करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा असते. तो खरोखरच तलवार उपसतो. तेव्हां श्रीकृष्ण त्याला कौशिक नांवाच्या तपस्व्याची कथा सांगतो. सदैव खरेंच बोलण्याचें कौशिकाचें व्रत होतें. दरोडेखोरांच्या भयानें पळालेले कांहीं लोक त्याच्या आश्रमाजवळच्या झाडींत लपले. दरोडेखोरांनीं विचारतांच त्यानें खरें तें सांगितलें. ते लोक मारले गेले, आणि सत्यव्रती कौशिक नरकांत गेला. पुढें अर्जुनाची प्रतिज्ञाही कृष्ण मोठ्या युक्तीनें सोडवितो: वडिलांना ‘तूं’ म्हणून अरे-तुरे करणें म्हणजे त्यांचा वधच होय, तेवढें कर! ज्या घरांतून मोठ्यांना अहो-जाहो करण्याची रीत आहे, तेथें ह्या तोडग्याची धार चटकन् कळेल.

लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ ह्या प्रकरणांत सत्याच्या अपवादांचा हा सारा प्रश्न चर्चिला आहे. बाहेरच्या फळापेक्षां कर्त्याची बुद्धि पाहावी, ह्या मुद्द्यावर गीता आणि कांट ह्यांचें जवळचें नातें त्यांना दिसत होतें. परंतु खुन्याच्या दारीं ते कांटबरोबर उभे राहत नाहींत. माझें स्वतःचें मनही कौशिकाकडे वळत नाहीं. परंतु ह्या बाबतींत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. मनुस्मृतींत साक्षीदारांच्या प्रकरणांत, खरें बोलल्यानें माणसाचा जीव जात असेल तर खोटें बोलावें, अशी सवलत आहे. आणि लगेच पुढें, असें खोटें बोलणाऱ्यानें वाग्देवी सरस्वतीला चरूचा होम करून प्रायश्चित्त घ्यावें, असेंही सांगितलें आहे. म्हणजे जीव वाचवूनसुद्धां मनुष्य निर्दोष सुटत नाहीं. खोटें तें खोटेंच. फक्त ह्या प्रसंगीं तें सोसावयाचें.

आतां आपल्या दाराकडे पाहा. आपल्यापैकीं किती जणांच्या घरीं आजवर असा खुनी आला असेल? पण ‘प्रसंगीं खोटें बोलावें लागतें’ हें वाक्य त्या खुन्याच्या आधारावर आपण शिकतों आणि उधारीवाल्यावर वापरतों. दुधाचें बिल थकलें आहे, नातलगाच्या कार्याला जाण्याचा कंटाळा आला आहे, कचेरींत रजा हवी आहे, म्हणून गांवाकडची आजी पुन्हां एकदां आजारी पडते. ह्यांत कोणाचाही जीव वांचत नाहीं. वांचतो तो आपला थोडा संकोच. खुन्याच्या दारीं कांट चुकला असें मला वाटतें. परंतु इतर सर्व दारीं तो बरोबर आहे, आणि आपलें आयुष्य त्या इतर दारांशींच जातें.

तर मग मनांत येईल तें सगळें बोलत सुटावें काय? मुळींच नाहीं, आणि येथें कांट वाटतो तितका ताठर नाहीं. १७६६ सालीं आपला मित्र मोझेस मेंडेल्सोन ह्याला लिहिलेल्या पत्रांत तो म्हणतो कीं, माझी पूर्ण खात्री असलेल्या पुष्कळ गोष्टी बोलून दाखविण्याचें धैर्य मला कदाचित् कधींच होणार नाहीं, पण जें मला पटत नाहीं तें मी कधींही बोलणार नाहीं. सर्व कांहीं सांगणें हें कर्तव्य नव्हे; जें सांगावयाचें तें खरें असणें हें कर्तव्य. शिष्टाचाराच्या शब्दांविषयींही तो हाच विवेक करतो. पत्राखालीं ‘आपला आज्ञाधारक सेवक’ असें लिहिणें हें खोटें होय काय, असा प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो आणि म्हणतो, त्यानें कोणी फसत नाहीं. यजमानीण “आणखी थोडी खीर?” म्हणते आणि आपण “पोट अगदीं भरलें” म्हणतों, तें ह्याच जातीचें. दारावर आलेल्या गृहस्थालाही “बाबा आतां भेटूं शकत नाहींत, रविवारीं सकाळीं या,” असें सांगतां येतेंच कीं! तेवढें म्हणण्याला लागणारें धैर्य आपल्यापाशीं नसतें, म्हणून मुलाला पुढें करावें लागतें.

अर्थात् न सांगणें आणि फसविणें ह्यांमधली कड फार निसरडी आहे, आणि कांटचा स्वतःचा पाय तेथें घसरला, असें माझें मत आहे. धर्मविषयक ग्रंथाबद्दल १७९४ सालीं प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक विल्यम ह्यानें त्याला ताकीद दिली. कांटनें उत्तरीं लिहिलें कीं, महाराजांचा अत्यंत निष्ठावंत प्रजाजन ह्या नात्यानें मी धर्मासंबंधीं जाहीरपणें कांहीं बोलणार वा लिहिणार नाहीं. १७९७ सालीं राजा वारला. पुढच्याच वर्षीं छापलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत कांटनें खुलासा केला कीं, ते शब्द मीं विचारपूर्वक निवडले होते. ‘महाराजांचा प्रजाजन’ म्हणजे त्या महाराजांच्या हयातीपुरता! आपल्याकडे ह्याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. अश्वत्थामा मेला असें मोठ्यानें सांगून ‘हत्ती’ हा शब्द पुटपुटणाऱ्या युधिष्ठिराचा, जमिनीला न टेकतां चालणारा रथ त्या क्षणापासून जमिनीवर चालूं लागला, असें महाभारतकार सांगतात. कांट स्वतःला इतकी शिक्षा करीत नाहीं.

खरेपणाचा हा प्रश्न आपल्या घरांत सर्वांत जड होऊन येतो तो दारावाटे नव्हे, तर दवाखान्यावाटे. आईची तपासणी होते. मुलगा डॉक्टरांना बाहेर व्हरांड्यांत गांठून म्हणतो, “डॉक्टरसाहेब, आईला कांहीं सांगूं नका, तिला सोसणार नाहीं.” मग घरांत सर्वांची ठरवून एक भाषा होते: ‘पोटांत थोडी सूज आहे’, ‘औषधांनीं उतरेल’. ह्यामागें प्रेम असतें, ह्यांत शंका नाहीं. परंतु कांटचा प्रश्न येथें विचारून पाहण्यासारखा आहे: आईची संमति कशाला आहे? जी शस्त्रक्रिया, जीं कडक औषधें ती मुकाट्यानें सोशीत आहे, तीं सुजेवरचीं म्हणून सोशीत आहे. कदाचित् खरें कळतें तर तिनें तींच घेतलीं असतीं. कदाचित् म्हणाली असती, “पुरे आतां, मला एकदां पंढरपूरला नेऊन आणा.” कोणत्या लेकीला कोणता दागिना द्यावयाचा, गांवांतल्या जागेचें काय करावयाचें, धाकट्या बहिणीशीं वीस वर्षें धरलेला अबोला सोडावयाचा कीं नाहीं, हीं कामें तिचीं होतीं. तीं करण्याचा वेळ आम्हीं तिच्यापासून काढून घेतला आणि त्याला माया असें नांव दिलें. पुष्कळदां तर आईला सगळें कळलेलें असतें, आणि मुलांना वाईट वाटूं नये म्हणून तीच न कळल्याचें सोंग करते. एका खोलींत चार माणसें परस्परांवरील प्रेमापोटीं एकटीं पडतात.

ह्याचा अर्थ असा नव्हे कीं, तपासणीचा कागद हातीं पडतांच तो आईच्या उशाशीं जाऊन वाचून दाखवावा. न विचारलेलें सगळें सांगावें असें कांट म्हणत नाहीं, हें आपण पाहिलेंच. तिलाच विचारतां येतें: “आई, डॉक्टर काय म्हणाले तें सगळें तुला ऐकावयाचें आहे, कीं आम्हीं पाहून घेऊं?” कित्येक म्हाताऱ्या बायका सांगतील, “तुम्हीच पाहा रे बाबांनों, मला नका सांगूं.” तो त्यांचा निर्णय झाला, आणि तो पाळण्यांत त्यांचा मानच आहे. पण तिनें हात धरून, डोळ्यांत पाहून, “मला कर्करोग तर नाहीं ना?” असें विचारलें, तर ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार मुलाला कोठून येतो, हें मला कोणी दाखवून दिलेलें नाहीं.

खरें बोलल्यानें मन हलकें होतें आणि सगळें ठीक होतें, असें मात्र मी तुम्हांला सांगणार नाहीं. कांटच्या पत्रव्यवहारांतच ह्याच्या उलट पुरावा आहे. १७९१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ऑस्ट्रियांतील क्लागेनफुर्ट गांवच्या मारिया फॉन हर्बर्ट नांवाच्या तरुणीनें त्याला पत्र लिहिलें. भक्तानें देवाचा धांवा करावा तसें तें पत्र आहे. एका मित्रावर तिचें प्रेम होतें. पूर्वींचें एक प्रेम तिनें त्याच्यापासून बराच काळ लपविलें होतें. शेवटीं तिनें तें सांगून टाकलें, आणि त्याचें मन उडालें. तुमचे ग्रंथ वाचले नसते तर मीं जीवच दिला असता, असें ती लिहिते. पुढच्या वर्षीं कांटनें सविस्तर उत्तर पाठविलें. त्यांत न बोलणें आणि खोटें बोलणें ह्यांतला फरक त्यानें समजावून दिला. सांगितलेंस तें योग्यच केलेंस असें म्हटलें. आणि मित्राची माया नीतीच्या पायावर असेल तर ती परत येईल, नसेल तर ती एरवींही टिकली नसती, असा धीर दिला. उपदेश, दंड आणि सांत्वन, अशी त्या पत्राची मांडणी आहे. जणूं चर्चमधील प्रवचनच.

१७९३ च्या आरंभीं मारियाचें दुसरें पत्र आलें. मित्राचें मन परत वळलें होतें. पण आतां तिचेंच मन रितें झालें होतें. कशाची इच्छाच उरली नाहीं, तेव्हां नीतिनियम पाळणें मला फारच सोपें जातें, असें ती लिहिते. दुसरा मोह नसेल तर नियम पाळण्यांत कसली झुंज? कांटच्या शास्त्राला कोणीं विचारलेला ह्याहून खोल प्रश्न मला ठाऊक नाहीं. त्याच्या शास्त्रांत कर्तव्य इच्छेच्या विरुद्ध उभें राहून तेजाळतें; इच्छाच मेली तर तें कोणाशीं झगडणार, आणि जगावें तरी कशासाठीं? कोनिग्सबर्गला येऊन भेटावें, तुम्ही स्वतः कसें जगतां तें पाहावें, अशी तिची इच्छा होती.

ह्या पत्राला कांटनें उत्तर दिलें नाहीं. १७९३ च्या फेब्रुवारींत त्यानें तिचीं पत्रें आपल्या एका व्यापारी मित्राची मुलगी एलिझाबेथ मदरबी हिच्याकडे धाडलीं, आणि भ्रमिष्ट कल्पनेच्या आहारीं गेल्यास काय होतें ह्याचा हा नमुना आहे, अशा अर्थाचें त्यासोबत कळविलें. १७९४ सालीं मारियानें आणखी एक पत्र लिहिलें. त्यालाही उत्तर गेलें नाहीं. १८०३ सालीं तिनें स्वतःच्या हातानें आयुष्य संपविलें.

कांट तिच्याशीं एक अक्षर खोटें बोलला नव्हता. परंतु ज्या ग्रंथांत घरीं नसल्याचें सांगणारा तो नोकर आहे, त्याच १७९७ सालच्या ग्रंथांत दुसऱ्याच्या दुःखांत सहभागी होणें हेंही त्यानें कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. दरिद्री लोकांच्या वस्त्या, आजाऱ्यांच्या खोल्या, कर्जदारांचे तुरुंग हीं ठिकाणें मनाला त्रास होतो म्हणून टाळूं नयेत, शोधून काढावीं, असें त्या कलमांत आहे. मारियाचें शेवटचें पत्र त्याच्या हातीं पडून तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं.